परगावचा जामीनदार (विद्यार्थी भाडेकरार)

परगावचा जामीनदार म्हणजे विद्यार्थ्याने भाड्याने घेतलेल्या खोलीचे भाडे किंवा नुकसानभरपाई थकल्यास ती भरण्याची हमी देणारी, परंतु त्या गावात न राहणारी व्यक्ती होय. बहुधा आई-वडील किंवा जवळचे नातेवाईक अशी हमी देतात. जामीनदार स्थानिक असावा अशी अट भारतीय कायद्यात नाही. अंतराचा परिणाम हमीच्या वैधतेवर होत नाही. तो ओळख पटविणे आणि वसुली यांवर होतो.

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणचे शासकीय तंत्रनिकेतन, ओरोसचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि मुळदे (ता. कुडाळ) येथील उद्यानविद्या महाविद्यालय येथे इतर जिल्ह्यांतूनही विद्यार्थी येतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना खोली शोधावी लागते. मालवण-तारकर्ली किनाऱ्यावर हीच खोली पर्यटन हंगामात रोजच्या भाड्याने देता येते. त्यामुळे ती वर्षभर विद्यार्थ्याला देताना भाडे बुडण्याची धास्ती मालकाला अधिक वाटते. कोकणात असे व्यवहार पूर्वापार ओळखीवर चालत आले आहेत. अनोळखी कुटुंबाच्या बाबतीत या ओळखीची जागा लेखी हमी घेते.

कायदेशीर स्वरूप

भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील हमीविषयक तरतुदी या व्यवहाराला लागू होतात.

• कलम १२६ : हमीच्या करारात धनको, मुख्य ऋणको आणि जामीनदार असे तीन पक्ष असतात. हमी तोंडीही देता येते.
• कलम १२८ : करारात वेगळे ठरलेले नसल्यास जामीनदाराची जबाबदारी मुख्य ऋणकोइतकीच असते.
• कलम १३० : चालू हमी भविष्यातील व्यवहारांपुरती, धनकोला सूचना देऊन, मागे घेता येते.
• कलम १३३ : जामीनदाराच्या संमतीविना करारातील अटी बदलल्यास त्यानंतरच्या व्यवहारांतून तो मुक्त होतो. भाडेवाढ करताना त्याची पुन्हा संमती घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.
• कलम १४५ : हमीपोटी योग्यरीत्या भरलेली रक्कम जामीनदार मुख्य ऋणकोकडून वसूल करू शकतो.

अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते (कलम ११). दहावीनंतर पदविकेला प्रवेश घेणारे अनेक विद्यार्थी या वयोगटात असतात. अशा वेळी पालकाने स्वतःच्या नावे करार करणे सुरक्षित असते. तेव्हा पालक जामीनदार न राहता मुख्य पक्ष होतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू असलेल्या क्षेत्रांत भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते (कलम ५५).

आक्षेप आणि समर्थन

परगावच्या जामीनदाराच्या उत्पन्नाची व पत्त्याची खात्री करणे कठीण असते, हा मुख्य आक्षेप आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० नुसार दाव्याचे कारण जेथे उद्भवले तेथे दावा दाखल करता येतो. मात्र जामीनदाराची मालमत्ता अन्यत्र असल्यास हुकूमनाम्याची अंमलबजावणी तेथील न्यायालयामार्फत करावी लागते. काही महिन्यांच्या भाड्यासाठी हा खर्च परवडत नाही. जामीनदार परदेशी असल्यास अडचण आणखी वाढते.

दुसरीकडे, स्थानिक जामीनदाराची सक्ती केल्यास गावात नातेवाईक नसलेला विद्यार्थी खोलीला मुकतो. दूरच्या नोकरदार पालकाची आर्थिक क्षमता स्थानिक परिचितापेक्षा अधिक असू शकते. शिवाय परिचिताने केवळ भिडेखातर सही केली, तरी कायद्याने तो पूर्ण रकमेला बांधील होतो.

प्रचलित उपाय

हमीपत्रात कमाल रक्कम व मुदत नमूद करणे, ओळखपत्र व उत्पन्नाचा पुरावा घेणे आणि अनामत रक्कम ठेवणे हे उपाय योजले जातात. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू अधिनियमात निवासी जागेसाठी अनामत रकमेची मर्यादा दोन महिन्यांच्या भाड्याइतकी सुचविली आहे. तो राज्यांनी स्वीकारल्यासच लागू होतो.

इतर देशांत

ब्रिटनमध्ये घरमालक सामान्यतः तेथेच राहणारा जामीनदार मागतात. त्यामुळे भारतातील पालकांची हमी अनेकदा पुरेशी मानली जात नाही. फ्रान्समध्ये ‘व्हिसाल’ या योजनेतून पात्र तरुणांना विनाशुल्क हमी मिळते आणि तेथे खासगी जामीनदाराची गरज उरत नाही.

हेही पहा

• हमीचा करार
• लिव्ह अँड लायसन्स
• महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९