गिटारच्या दांडीवरची पेन्सिल

आमच्या गावातल्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एका मित्राने परवा त्याच्या इलेक्ट्रिक गिटारचा फोटो पाठवला. कॉलेजच्या दिवसांत सेकंड हँड घेतलेली. रंग उडालेला, दोन बटणं बदललेली. खाली प्रश्न : "ही आता व्हिंटेज झाली का रे? पत्रकार आहेस, सांग." पत्रकाराला सगळं माहीत असतं असा गावाचा गैरसमज असतो आणि आपणही तो दूर करायला जात नाही. पण या विषयाचा मला जुना नाद आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, नुसतं वय झालं म्हणून गिटार व्हिंटेज होत नाही. या बाजारातली सगळ्यात ठळक रेघ ओढली गेली ती चक्क एका कंपनीच्या विक्रीमुळे.

कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावात लिओ फेंडर नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस होता. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५० मध्ये त्याने भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली, १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर. पुढे तब्येत साथ देईना, म्हणून जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएस या बड्या प्रसारण कंपनीला विकली. किंमत १ कोटी ३० लाख डॉलर. तेव्हापासून जगभरचे गिटारवाले फेंडरचे दोन भाग करतात : 'प्री-सीबीएस' आणि नंतरच्या.

गंमत अशी, की त्या महिन्यात कारखान्यात काहीच बदललं नव्हतं. तेच कामगार, तीच लाकडं, रॅकवर पडलेले तेच सुटे भाग. बदल हळूहळू आले. १९६५ सरता सरता दांडीचं डोकं मोठं झालं, साठचं दशक संपता संपता पातळ लॅकरच्या जागी जाड पॉलिएस्टरचा रंग आला, १९७१ मध्ये स्ट्रॅटोकास्टरची दांडी चारऐवजी तीन स्क्रूंवर बसवायला लागले. मग लोक म्हणू लागले, आधीची चांगली होती. त्यात तथ्य आहे, पण सगळं तथ्य नाही. जिमी हेंड्रिक्सने वुडस्टॉकला वाजवलेली पांढरी स्ट्रॅट १९६८ ची, म्हणजे सीबीएसच्या काळातलीच. तिला कोण वाईट म्हणेल?

गिब्सनची कथा याच्या उलटी. मिशिगनमधल्या कॅलमझू इथे १९५८ ते १९६० या काळात लेस पॉल स्टँडर्ड ही लाल-पिवळ्या रंगाची गिटार बनत होती. किंमत अडीचशे डॉलरच्या आसपास. खपेना, म्हणून कंपनीने ती बंदच केली. साधारण पंधराशे बनल्या असतील. मग १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या रेकॉर्डवर एरिक क्लॅप्टनने तीच वाजवली, इतरांनीही शोधून शोधून घेतली आणि १९६८ मध्ये गिब्सनला लेस पॉल पुन्हा बाजारात आणावी लागली. आज त्या जुन्या गिटारींना लाखो डॉलर मिळतात. तिचा लाल रंग उन्हाने उडायचा, हा खरं तर कारखान्याचा दोष. आता कुठली किती उडाली यावर संग्राहक तासन् तास बोलतात.

मग ओळखायचं कसं? इथे मला खरा रस वाटतो. दुकानदार आधी स्क्रू काढतो. दांडी सुटी करून तिच्या बुडाशी पेन्सिलने लिहिलेली तारीख बघतो. पन्नासच्या दशकातल्या काही फेंडरवर तारखेबरोबर 'टीजी' अशी अक्षरं सापडतात. ती टाडेओ गोमेझ या कामगाराची. दांडीला हातात बसेल असा आकार द्यायचं काम त्याचं. काही स्ट्रॅटच्या आत कागदी चिकटपट्टीवर 'मेरी', 'ग्लोरिया' अशी बायकांची नावं असतात, वायरिंग करणाऱ्यांची. पिकअप म्हणजे तारेची थरथर पकडणारं चुंबक, त्याभोवती केसासारखी तांब्याची तार गुंडाळायची असते. ते काम १९५६ पासून अबिगेल इबारा करत होत्या, निवृत्त झाल्या २०१३ मध्ये. त्यांच्या हातचे पिकअप लोक नाव घेऊन मागतात.

ही नावं गिऱ्हाइकासाठी नव्हतीच. कोणाचं काम कोणतं, एवढं कारखान्यात कळावं म्हणून. कंपनीची पाटी आज कुणीही छापून चिकटवतो, म्हणून संग्राहक विश्वास ठेवतो तो गोमेझच्या पेन्सिलवर. त्या वाढलेल्या किमतीतला एक डॉलरही त्या हातांकडे गेला नाही. मी आयुष्यभर नगरपालिका आणि सहकारी संस्थांच्या बातम्या केल्या, त्यामुळे माझं लक्ष आधी तिथेच जातं.

दुसरी कसोटी, गिटारला कुणी हात लावलाय का. पुन्हा रंग दिला की किंमत साधारण निम्म्यावर येते, असा धंद्यातला ठोकताळा. सोल्डर पुन्हा केलेलं दिसलं तरी भाव पडतो. म्हणजे पोटासाठी रोज वाजवून, मोडलं की दुरुस्त करून ज्याने गिटार जगवली त्याला कमी पैसे, आणि पलंगाखाली पेटीत ठेवून विसरला त्याला जास्त. अपवाद फक्त नामवंतांचा. डेव्हिड गिलमोरची काळी स्ट्रॅट १९६९ ची, दांडी, पिकअप कितीदा बदललेले. २०१९ च्या लिलावात ती सुमारे ४० लाख डॉलरला गेली. नियम कुणासाठी असतात ते आपल्याला माहीतच आहे.

लाकडाचंही तसंच. जुन्या दांड्यांवरची काळसर पट्टी ब्राझिलियन रोझवूडची. ते झाड इतकं तोडलं गेलं की १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आहे. ते मिळेना तेव्हा कारखाने भारतीय रोझवूडकडे वळले. म्हणजे आपली शिसवी, सह्याद्रीत वाढणारी, वाड्यातल्या पलंगाची. तीच शिसवी तिकडच्या संग्राहकाला पट्टीवर दिसली की तो ओळखतो, ही नंतरची, आणि भाव पाडून मागतो.

मित्राला कळवलं, बाजाराच्या हिशेबाने तुझी व्हिंटेज नाही, पण रंग मात्र देऊ नकोस. काल रात्री त्याचा दुसरा फोटो आला. त्याने स्क्रू काढून दांडी सुटी केली होती. बुडाशी पेन्सिलने एक आकडा आणि कुणाची तरी सही. लिपी आम्हा दोघांनाही लागली नाही.