आज ऑपरेशन नाही!

मंडळी, ठरलेलं ऑपरेशन दोन प्रकारे रद्द होतं. पेशंटला ताप आला, बीपी वाढलं, म्हणून डॉक्टर थांबतात. ते योग्यच. दुसरा प्रकार असा, की पेशंट तयार आहे, पण नर्स नाही, भूलतज्ज्ञ नाही किंवा बेडच नाही. आज या दुसऱ्या प्रकाराबद्दल.

मार्च २०२३ आठवतोय? १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारी नोकरीत लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली होती. त्याविरुद्ध १४ मार्चला 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यव्यापी संप सुरू झाला. नर्सेसही त्यात होत्या. सरकारी हॉस्पिटलांत इमर्जन्सी कशीबशी चालली, ठरलेली ऑपरेशनं मात्र पुढे ढकलली गेली. २० मार्चला संप मिटला.

सातच दिवस ना? पुण्या-मुंबईत बसून असंच वाटतं. पण बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालच्या संग्रामपूरहून हर्नियाचा पेशंट घाटावर, जिल्हा रुग्णालयात यायचा म्हणजे सोबत एक माणूस लागतो. दोघांची मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं. तारीख पुढे गेली की हे सगळं परत. खाजगीत जायचं तर उसनवारी. संपाची मागणी रास्त असेलही, पण पावती फाटते ती भलत्याच्याच नावाने.

इंग्लंडमध्येही ऑपरेशनं रद्द होतात. पण तिथल्या एनएचएसने २००० सालच्या आराखड्यात एक नियम घातला, जो २००२ पासून लागू झाला. हॉस्पिटलने ऐन दिवशी अवैद्यकीय कारणाने ऑपरेशन रद्द केलं, तर २८ दिवसांच्या आतली पक्की तारीख द्यायची. नाहीतर पेशंट म्हणेल तिथे, म्हणेल तेव्हा, हॉस्पिटलच्या खर्चाने. नियम मोडतोही, पण किती वेळा मोडला ते आकड्यांत जाहीर होतं.

आपण सॉफ्टवेअरवाले हे चांगलं जाणतो. फक्त यशस्वी झालेले जॉब मोजले, तर डॅशबोर्ड कायम हिरवागार. सिस्टीम कळते ती एरर लॉगवरून!

९ ऑक्टोबर २०२४ ला बुलढाण्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं उद्घाटन झालं. आनंदच आहे. तिथे झालेल्या ऑपरेशनांचे आकडे येतीलच. न झालेल्यांचेही येऊ देत, कारणासकट. आणि परत पाठवलेला माणूस घाट उतरायच्या आधी त्याच्या हातात नवी तारीख असू दे.