गिरणी थाळी आणि आजीची वही

आजचा इतिहास एका हॉटेलच्या बिलापासून सुरू होतो.

आजीला ऐंशी पूर्ण झाली म्हणून तिला लोअर परळच्या एका चकाचक हॉटेलात नेलं. नाव घेत नाही. जुन्या गिरणीची शेड, उघड्या विटा, छताला लोंबणारे पिवळे बल्ब... रील्समध्ये असली ठिकाणं तुम्ही पाहिलीच असतील. मेन्यूत 'गिरणी थाळी', ८५० रुपये. हट्ट माझाच. आजी लालबागच्या चाळीत खानावळ चालवायची, म्हटलं खूश होईल.

थाळी पाऊण तासाने आली. मुद्दाम टवके उडवलेलं ताट, तळहाताएवढ्या दोन भाकऱ्या, चमचाभर झुणका आणि तोही गोडसर! तिसरी भाकरी मागितली तर "मॅम, एक्स्ट्रा ब्रेड नव्वद रुपये." ब्रेड! आजीने भाकरी बोटाने दाबली. "आगं, ही सकाळची हाय."

मग ती उठली आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. तिथे शोभेला एका जुन्या हिशेबाच्या वहीचं पान फ्रेम करून लावलं होतं. चष्मा लावून तिने ते सगळं वाचलं. "खानावळीची वही हाय. निम्म्यांचं पैसं आल्यालं न्हाईत."

मंडळी, इथे थोडं थांबूया. मुंबईतली पहिली कापड गिरणी ताडदेवला १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे कोकणातून, साताऱ्याकडून माणसं आली, बहुतेक एकटीच. एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीप्रमाणे झोपायचे. त्यांना जेवू घालायच्या त्या चाळीतल्या बाया. पण पगार महिन्यातून एकदा आणि भूक रोज दोनदा, मग मधले दिवस कसे निघायचे? बाई वाण्याकडून उधार आणायची, कामगाराला उधार वाढायची आणि पगाराच्या दिवशी हिशेब करायची. वाणी अडला की सावकार, सावकाराकडे पाटल्या गहाण. म्हणजे महिनाभर कामगाराला पोसायचं भांडवल गिरणीमालक नाही, ही बाई उभं करत होती. मला शाळेत हे कुणी शिकवलं नाही.

हे नीट ओळखलं ते प्रेमा पुरव यांनी. गोवा मुक्तिलढ्यातल्या या कार्यकर्तीने १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खानावळवाल्या बायांना सावकाराऐवजी बँकेच्या दारात नेलं.

आणि मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांचा संप, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पगार थांबला, पण पंगत लगेच कशी थांबणार? आजीकडे बावीस जण जेवायचे. गणपतीपर्यंत तिने वाढलं. पाटल्या गेल्या, मग तांब्याचा हंडा गेला. एकेक जण गावी निघाला, "पाठवतो वैनी" म्हणून. काहींनी खरंच मनीऑर्डर केली. एक जण सहा वर्षांनी घेवड्याचं पोतं घेऊन दारात उभा राहिला. नऊ जणांचं आजही बाकी आहे.

गिरणीच्या जागी हॉटेल आलं याचा मला राग नाही, काहीतरी येणारच होतं. पण मेन्यूच्या मागे गिरणीचा इतिहास छापलाय, त्यात मालक आहेत, यंत्रं आहेत, "कामगारांचं साधं जेवण" आहे. ते रांधलं कुणी, याचा एक शब्द नाही. आणि बिलात दहा टक्के सेवाशुल्क!

घरी आल्यावर आजीने कपाटातून स्वतःची वही काढली. लाल कापडी पुठ्ठा, आत तेलाचे डाग. मी विचारलं, "अजून का ठेवलीस गं?"

"कुणी आलंच तर किती हुतं ते सांगाय नगो?"

पुढच्या भागात आजी स्वतः ही वही वाचून दाखवणार आहे, नऊ जणांची नावं मात्र गाळून, ही तिचीच अट. तुमच्या घरी अशी वही असेल तर रद्दीत घालू नका, आधी फोटो काढून मला पाठवा.