दगडातील रिकाम्या खोल्या

जबलपूरला बदली होऊन आलेला मराठी माणूस पहिल्या सवडीस भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहून येतो. शहराच्या पूर्वेस, आजच्या दिंडोरी जिल्ह्यातील घुघुवा येथे मात्र त्याची पावले क्वचितच वळतात. तेथे विखुरलेले ओंडके दुरून वाळक्या लाकडासारखे दिसतात. हात लावावा तर दगड! ही झाडे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची आहेत. या दगडांतून झाड ओळखण्याच्या विद्येचा उगम मात्र १६६५ सालच्या लंडनमध्ये शोधावा लागतो.

त्या वर्षी रॉबर्ट हुक याचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रॉयल सोसायटीच्या सभासदांना प्रयोग करून दाखविणे, ही हुकची नोकरी. बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरताच त्याला मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. त्यांना त्याने ‘सेल’, म्हणजे लहानशी खोली, हे नाव दिले; एका घन इंचात असे १२० कोटींहून अधिक कप्पे असावेत, असा हिशेबही मांडला. आपण ज्यास पेशी म्हणतो तिचे हे पहिले दर्शन.

बुचाच्या आधीचेच प्रकरण अश्मीभूत लाकडाविषयी आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. दगडातही लाकडाचीच सूक्ष्म छिद्रे पाहून, हे मुळात लाकूडच असून खनिजयुक्त पाणी त्यात मुरल्याने त्याचा दगड झाला, असा निष्कर्ष हुकने काढला. निसर्गाने गंमत म्हणून दगडाला लाकडाचा आकार दिला, असे अनेक विद्वान मानीत होते, त्या काळची ही गोष्ट!

घुघुव्यास हेच घडले. पाण्यातील सिलिका पेशींत साचली आणि पेशींची घडण दगडात टिकून राहिली. अशा दगडाची चकती प्रकाश आरपार जाईपर्यंत घासली की वाहिन्यांची मांडणी दिसू लागते व तीवरून झाडाचे कुळ ठरते. जबलपूरच्या सायन्स कॉलेजातील डॉ. एस. आर. इंगळे आणि लखनौच्या बिरबल सहानी संस्थेतील संशोधकांनी मंडला भागातील वनस्पती-जीवाश्मांचा पद्धतशीर अभ्यास केला. आज ऑस्ट्रेलियाचा म्हणून ओळखला जाणारा निलगिरीही या प्राचीन वनात होता, असे त्यांतून पुढे आले.

परंतु या दगडांकडे १९७० नंतरच्या दशकात प्रथम लक्ष वेधले ते कोणा वनस्पतिशास्त्रज्ञाने नव्हे, तर मंडला जिल्ह्याचे सांख्यिकी अधिकारी डॉ. धर्मेंद्र प्रसाद यांनी. कचेरीचे काम सांभाळून ते जिल्हा पुरातत्त्व शाखेचे मानद चिटणीसपद पाहत. पुढे १९८३ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले.

हुकने पाहिलेल्या खोल्या रिकाम्या होत्या. आतला जीव केव्हाच निघून गेला होता, उरल्या होत्या त्या भिंती. बदलीच्या नोकरीत आपणही अशीच बिऱ्हाडे मागे टाकीत जातो. मात्र मुक्काम असेतोवर सभोवतालचा दगडही नीट न्याहाळावा, एवढे तरी मंडल्याच्या त्या अधिकाऱ्याकडून आपण शिकण्यासारखे आहे.