हाकेला ओ देणारी यंत्रे

(आकाशवाणी भाषणाचा संपादित अंश)

घरात नवा प्रिंटर आणला, वायफायचा पासवर्ड त्याला दिला, की शेजारच्या खोलीतल्या संगणकावर त्याचे नाव आपोआप उमटते. टीव्हीचेही तसेच. याचे आता कुणाला फारसे नवल वाटत नाही. पण वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवलेली दोन यंत्रे एकमेकांना ओळखतात कशी, आणि एकाने सांगितलेले दुसरे ऐकते कसे, याचा इतिहास मोठा रंजक आहे. थोडा काळजी करायला लावणाराही आहे.

१९७५ साली स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने 'एक्स-टेन' नावाची पद्धत तयार केली. घरातल्या विजेच्या तारांमधूनच संदेश पाठवायचा आणि दिवे चालू-बंद करायचे. प्रत्येक उपकरणावर दोन चकत्या असत. एकीवर सोळा अक्षरे, दुसरीवर सोळा आकडे. म्हणजे एकूण २५६ पत्ते, आणि ते मालकाने स्वतः फिरवून लावायचे. ओळख करून घेणे हा प्रकारच नव्हता. हुकूम सुटे, पण दिवा खरोखर लागला की नाही, हे साध्या उपकरणांत परत कळत नसे. एकाच रोहित्रावरच्या शेजाऱ्याने तेच अक्षर लावले असेल, तर त्याच्याकडचा दिवाही लागण्याची शक्यता असे!

खरी 'ओळख' आली ती ॲपल कंपनीच्या 'ॲपलटॉक'मध्ये, १९८५ साली. तिथे संगणक जाळ्याला जोडला की स्वतःच एक क्रमांक निवडी आणि विचारी, 'हा क्रमांक कुणी घेतला आहे का?' उत्तर आले नाही, तर तो क्रमांक त्याचा. मग प्रिंटर हवा असेल तर साऱ्या जाळ्याला उद्देशून हाक मारायची, 'इथे प्रिंटर कोण कोण आहेत?' जे असतील ते नावासकट ओ देत आणि वापरणाऱ्याला पडद्यावर यादी दिसे. लग्नाच्या मांडवात 'आचारी कोण?' असे विचारावे आणि आचाऱ्याने हात वर करावा, तसेच हे. कुणाकडे पाहुण्यांची वही असण्याची गरज नाही.

इंटरनेटची भाषा सर्वत्र रूढ झाली, तेव्हा ही सोय मागे पडली. त्या भाषेत पत्ते देणारा कुणीतरी जाणकार लागतो, आणि घरात असा जाणकार कुठून आणायचा? १९९९ च्या जानेवारीत या प्रश्नाला दोन उत्तरे पुढे आली. सन कंपनीचे 'जिनी' आणि मायक्रोसॉफ्टने मांडलेले 'युनिव्हर्सल प्लग अँड प्ले', म्हणजे यूपीएनपी. जिनीची कल्पना देखणी होती, पण तिचा सारा डोलारा जावा या भाषेवर उभा. स्वस्तातल्या उपकरणांना ते ओझे पेलले नाही. यूपीएनपीने साधा लेखी मजकूर वापरायचे ठरवले आणि तेच घराघरांत पोचले.

त्याची रीत थोडी सविस्तर सांगतो. नियंत्रण करणारे यंत्र, समजा तुमचा मोबाइल, २३९.२५५.२५५.२५० या ठरलेल्या सामाईक पत्त्यावर शोधाची हाक मारते. उत्तर जास्तीत जास्त किती सेकंदांत द्यायचे, तेही हाकेतच सांगितलेले असते. त्या मुदतीत प्रत्येक उपकरण मनाला येईल तेवढे थांबून उत्तर देते. सगळे एकदम बोलले तर गलका होईल, म्हणून ही युक्ती. उत्तरात असतो एका परिचयपत्राचा पत्ता. ते मोबाइल वाचतो. मी अमुक कंपनीचा टीव्ही, मला या या गोष्टी करता येतात, आवाज इतका ते इतका ठेवता येतो. मग मोबाइल आज्ञा पाठवतो, 'आवाज वीसवर आण.' शिवाय तो 'काही बदलले तर मला कळव' अशी वर्गणीही भरून ठेवतो. तिची मुदत संपली की नूतनीकरण करावे लागते. उपकरणही अधूनमधून 'मी आहे' असे जाहीर करते आणि जाताना निरोप घेते. अर्थात वीजच गेली तर निरोप राहून जातो. म्हणून 'मी आहे' या घोषणेलाही मुदत ठेवलेली असते.

आता यात आज्ञा देणारा कोण, हे कुठे विचारले? मूळ रचनेत ते विचारलेच नव्हते. घरातला तो आपला, असे गृहीत धरले होते. सुरक्षेची कलमे पुढे लिहिली गेली, पण ती ऐच्छिक. खर्च वाचवणारा कारखानदार ऐच्छिक गोष्टी कशाला करील?

हे गृहीतक सर्वांत महाग पडले ते राउटरच्या बाबतीत. राउटर म्हणजे घराचा दरवाजा. व्हिडिओ गेम नीट चालावा म्हणून घरातल्या कोणत्याही यंत्राने 'बाहेरून आत येणारा हा मार्ग उघड' असे सांगावे आणि राउटरने पासवर्ड न मागता तो उघडावा, अशी सोय त्यात होती. म्हणजे संगणकात शिरलेल्या घातक प्रोग्रॅमलाही तीच सोय!

धोक्याची घंटा लवकर वाजली होती. २००१ च्या ऑक्टोबरात विंडोज एक्सपी बाजारात आले आणि डिसेंबरातच त्यातल्या यूपीएनपीमधली गंभीर त्रुटी उघड झाली. ती सेवा बंद ठेवा, असा सल्ला अमेरिकी सरकारच्या यंत्रणेने दिला. तरी उपकरणे वाढत गेली. २०१३ च्या जानेवारीत रॅपिड-सेव्हन या सुरक्षा कंपनीने आपल्या पाहणीचे निष्कर्ष छापले. साऱ्या इंटरनेटवर शोधाची हाक मारली, तर आठ कोटींहून अधिक पत्त्यांवरून ओ आली. जी हाक घराच्या भिंतीबाहेर ऐकूही जायला नको, तिला रस्त्यावरून उत्तरे मिळाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतून आणखी एक इशारा आला. खोट्या नावाने हाक मारायची आणि या उपकरणांच्या उत्तरांचा मारा तिसऱ्याच्या माथी मारायचा, असा हल्ला शक्य होता. छोट्या प्रश्नाला तीसपट मोठे उत्तर मिळते, हे त्याचे बळ.

ॲपलने २००२ साली आपली जुनी युक्ती इंटरनेटच्या भाषेत आणली. तिचे नाव आधी 'राँदेव्हू', मग नावावरून वाद झाल्यामुळे २००५ पासून 'बाँजूर'. ती फक्त शोधते, हुकमाची व्यवस्था इतरांवर सोपवते. माझ्या मते हा शहाणपणा होता. २०२२ साली आलेल्या 'मॅटर' या मानकाने शोधासाठी याच घराण्याची पद्धत घेतली, पण हुकमाला कुलूप लावले. नवा दिवा घरात सामील करायचा तर त्याच्यावर छापलेला चौकोनी कोड मोबाइलला दाखवावा लागतो, किंवा अकरा आकडे टाकावे लागतात. त्यानंतरच दोघांत किल्ल्यांची देवघेव होते. तेव्हा असा दिवा आणलात, तर खोक्यातला तो कोडचा कागद रद्दीत टाकू नका. आणि राउटरच्या सेटिंगमध्ये यूपीएनपीचा पर्याय चालू आहे का, तेही पाहून ठेवा. घरात कुणी ऑनलाइन गेम खेळत नसेल, तर तो बहुधा बंद करता येतो.