शारीरिक शिक्षण, प्राथमिक शाळांतील

शारीरिक शिक्षण, प्राथमिक शाळांतील : साधारणपणे सहा ते अकरा वर्षे वयाच्या मुलामुलींना हालचाली, खेळ व व्यायाम यांच्या द्वारे दिले जाणारे नियोजित शिक्षण. निवडक खेळाडू घडविणे हा त्याचा हेतू नसून, वर्गातील प्रत्येक मुलाला आपल्या शरीराचा तोल, चपळता व डौल यांची ओळख करून देणे, हा होय.

महाराष्ट्रात मल्लखांब, कुस्ती, लेझीम व दांडपट्टा यांची परंपरा जुनी आहे. परंतु ती मुख्यतः तालमी व आखाडे यांत जोपासली गेली. ब्रिटिश अमदानीत शाळांमध्ये कवायत आली. अनेक ठिकाणी ती सैन्यातून निवृत्त झालेल्या शिपायांकडे सोपविण्यात येई. हुकूम व शिस्त यांवर तिचा भर असल्याने लहान मुलांच्या वाढीचा विचार तीत गौण राहिला.

या विषयाला शास्त्रीय बैठक देण्याच्या प्रयत्नांत पुणे जिल्ह्यातील लोणावळा–वलवण परिसराला महत्त्वाचे स्थान आहे. बडोद्याचे राजरत्न माणिकराव यांच्याकडे व्यायामाचे शिक्षण घेतलेले स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. त्याच वर्षी सुरू झालेल्या योगमीमांसा या नियतकालिकातून योगक्रियांवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आल्यानंतर शारीरिक शिक्षण समितीचे अध्यक्षपद कुवलयानंदांकडे आले, आणि १९३८ मध्ये कांदिवली येथे शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था निघाली. यौगिक संघ व्यायाम या त्यांच्या पुस्तिकेत समूहाने करावयाच्या व्यायामांची मांडणी आहे. या व्यायामांना साधने लागत नाहीत. म्हणून गरीब शाळांनाही ते परवडण्याजोगे होते.

तथापि साधनांचा प्रश्न सुटला, तरी शिक्षकाचा प्रश्न राहिला. प्रशिक्षित पदवीधर प्रामुख्याने माध्यमिक शाळांकडे वळले. प्राथमिक शाळेत सर्व विषय शिकविणाऱ्या शिक्षकाकडेच हा तासही राहिला. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत क्रीडांगण व खेळांचे साहित्य यांचा समावेश आहे. परंतु आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ शिक्षकाची तरतूद सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, तीही शंभरांहून अधिक विद्यार्थी असल्यास आहे. पहिली ते पाचवीच्या साठपर्यंत विद्यार्थी असलेल्या शाळेसाठी अनुसूचीत दोन शिक्षक धरले आहेत. दोघांनी पाच इयत्ता सांभाळताना खेळाचा तास प्रथम मागे पडतो. शिवाय ज्या वयात धावणे, उडी, फेक व झेल या मूलभूत हालचाली पक्क्या होतात, नेमक्या त्याच वयात तज्ञ मार्गदर्शकाची उणीव राहते.

मावळच्या घाटमाथ्यावर या अडचणीत हवामानाची भर पडते. लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. शालेय वर्षाचा आरंभही जूनमध्येच होत असल्याने पहिले काही महिने मैदान चिखलाने निरुपयोगी ठरते. ओसरी किंवा वर्गखोली हीच जागा उरते. तेथे ताडासन, वृक्षासन यांसारखी उभ्याने करावयाची आसने, तालबद्ध हालचाली व अनुकरणाचे खेळ घेता येतात. पावसाळा सरल्यावर लंगडी, खो-खो व लेझीम यांना वाव मिळतो. लहान वयात आसने खेळाच्या अंगाने घ्यावीत. दीर्घकाळ श्वास रोखण्याच्या क्रिया मात्र टाळाव्यात.

सारांश, जागेची व ऋतूची अडचण नियोजनाने बरीचशी दूर होऊ शकते. शिक्षकाची उणीव मात्र तशी भरून निघत नाही. प्राथमिक शिक्षकाच्या मूळ प्रशिक्षणात या विषयाला प्रत्यक्ष सरावासह स्थान मिळणे, आणि वेळापत्रकातील त्याचा तास अन्य विषयांना न दिला जाणे, या दोन गोष्टींवर त्याचे यश अवलंबून आहे. स्पर्धेसाठी निवडलेल्या चार-सहा मुलांच्या पदकांवरून शाळेचे मोल ठरविल्यास, कडेला बसून राहणारी मुले या शिक्षणापासून वंचितच राहतात.