बांबर्डेची मायरिस्टिका दलदल

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यातील गोड्या पाण्याची वृक्षदलदल. क्षेत्र अवघे 2.59 हेक्टर. जैवविविधता अधिनियम, 2002 अन्वये महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला.

सुरतेला समुद्रास मिळणाऱ्या तापीच्या दक्षिणेस सह्याद्रीची रांग सुरू होते. तिकडे डांगात पाऊस भरपूर, पण पुढचे आठ महिने कोरडे. म्हणून तिथे सागाचे पानगळीचे रान. या दलदलीला मात्र ऐन मे महिन्यातही झऱ्याची ओल लागते. त्यामुळे अशा दलदली मुख्यतः केरळ, कर्नाटक आणि गोव्यातच आढळतात. बांबर्डे हे त्यांच्या अगदी उत्तरेकडच्या ठिकाणांपैकी एक.

मायरिस्टिका मॅग्निफिका हा इथला मानाचा वृक्ष. तो जायफळाच्या कुळातला असून जागतिक लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. पाण्याने भरलेल्या चिखलात हवा नसते. म्हणून त्याची मुळे जमिनीतून वर येतात, गुडघ्यासारखी वाकतात आणि पुन्हा चिखलात शिरतात. श्वास घेतात ती या वाकणातून. खोडाच्या बुंध्याशी आधारमुळेही फुटतात. फळ उकलले की बीभोवतीची जायपत्रीसारखी रंगीत साल दिसते आणि धनेश पक्षी त्यावर तुटून पडतात. बी फार दिवस टिकत नाही. ओल गेली की रुजण्याची शक्तीही जाते.

केरळातल्या अशा दलदलींत सापडलेल्या एका बेडकाच्या प्रजातीला 2013 मध्ये ‘मर्क्युराना’ हे नाव मिळाले. ते गायक फ्रेडी मर्क्युरीवरून. 

केरळात अशा कितीतरी दलदली भातशेती आणि सुपारीच्या बागांनी गिळल्या. बांबर्डेची वाचली ती गावकऱ्यांनी तिला देवराईसारखे जपले म्हणून. सरकारी दर्जा त्यानंतरचा. तरीही तिचा जीव हद्दीबाहेरच्या पाण्यात आहे. वरच्या उताराचे झाड तुटले किंवा झरा वळवला, तर 2.59 हेक्टरचे कुंपण काही कामाचे नाही. याच तालुक्यात कुंब्रल येथेही पुढे अशी दलदल नोंदली गेली.

पायी जाणाऱ्याने गावातला माहीतगार सोबत घ्यावा, कारण या पट्ट्यात रानहत्तींचा वावर असतो. चालताना पायवाट सोडू नये. चिखलातून वर आलेल्या मुळांवर पाय पडला की ती मोडतात, आणि नुकती रुजलेली रोपे त्यांच्याच आसपास असतात.